माया परीक्षेत कशी तपासणार? नर्सिंगची पार्श्वभूमी

वडील ॲडमिट होते तेव्हा रात्री त्यांच्या बेडशेजारी स्टूलवर मी बसून असायचो, आणि दोन-अडीचला सलाईन बघायला सिस्टर यायची ती टॉर्चच्या तोंडावर तळहात धरूनच यायची, बोटांमधून लालसर झालेला उजेड फक्त थेंबांपुरता पडायचा, बाबांच्या डोळ्यांवर कधीच आला नाही. हे तिला कोणी शिकवलं असेल का, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात राहिला. मग वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं की नर्सिंगच्या इतिहासात हाच वाद पुन्हा पुन्हा येतो, की आजारी माणसाबद्दलची माया उपजत लागते की ती कामाबरोबर शिकता येते.

चरकसंहितेत ह्यावर अगदी थोडक्यात पण नेमकं सांगितलंय. चिकित्सेचे चार पाय म्हणजे वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी, आणि परिचारकाचे गुणही चार: उपचारांची माहिती, हातातलं कौशल्य, रोग्याबद्दल अनुराग आणि स्वच्छता. अनुराग माहिती आणि स्वच्छतेच्या रांगेतच बसवलाय बघा, म्हणजे तो असला तरच माणूस ह्या कामाला लायक. मला हे फार मोलाचं वाटतं.

युरोपात हे काम बराच काळ धर्माच्या आसऱ्याने चाललं. 1633 मधे पॅरिसला व्हिन्सेंट द पॉल आणि लुईज द मारिलाक ह्यांनी डॉटर्स ऑफ चॅरिटी ही जोगिणींची संस्था सुरू केली, त्या बायका मठाच्या भिंतीआड न राहता गरीब आजाऱ्यांच्या घरोघरी जायच्या. आपण नर्सला सिस्टर म्हणतो तो शब्द ह्याच जोगिणींच्या परंपरेतून आलाय. पण शब्दाबरोबर एक समजूतही चिकटून आली, सेवा म्हणजे पुण्यकर्म, मग पगार काय मागायचा आणि तास काय मोजायचे! ह्या समजुतीने नर्सेसचं जेवढं नुकसान केलंय तेवढं दुसऱ्या कशानेच केलं नसेल असं माझं स्पष्ट मत आहे.

फ्लोरेन्स नाइटिंगेल सगळ्यांना माहीत असते ती दिवा घेतलेली बाई म्हणून. 1854 च्या नोव्हेंबरमधे क्रिमियन युद्धात ती 38 नर्सेस घेऊन आजच्या इस्तंबूलमधल्या स्कुटारीच्या लष्करी हॉस्पिटलमधे पोचली, तिथे घाण, तुंबलेली गटारं, कॉलरा, आणि जखमांपेक्षा रोगानेच जास्त सैनिक मरत होते. तिने स्वच्छता, जेवण, कपडे ह्या गोष्टी लावून धरल्या, 1855 मधे सरकारी सॅनिटरी कमिशनने गटारं आणि हवा खेळती करायचं काम केलं आणि मग मृत्यू झपाट्याने खाली आले. म्हणजे नुसत्या प्रेमाने कोणी वाचलं नाही, हे तिलाही पुढे कळलं, ती आकडे मांडणारी बाई होती. त्याच युद्धात जमैकाच्या मेरी सीकोलला अधिकाऱ्यांनी नर्स म्हणून घ्यायला नकार दिला तर ती स्वतःच्या खर्चाने गेली आणि क्रिमियातल्या बालाक्लाव्हाजवळ सैनिकांसाठी खाण्यापिण्याची, विसाव्याची जागा उघडून बसली, तिचं नाव मात्र कितीतरी वर्षं मागे पडलं.

पण मला नाइटिंगेल खरी भेटली ती तिच्या 1859 च्या नर्सिंगवरच्या छोट्या पुस्तकात. त्यात आवाजावर एक अख्खं प्रकरण आहे. रोग्याच्या दाराबाहेर कुजबुजत बोलणं ही क्रूरता आहे असं ती म्हणते, कारण आत पडलेला माणूस कान देऊन ऐकायचा प्रयत्न करत राहतो, आपल्याबद्दलच चाललंय का म्हणून. आणि येणाजाणाऱ्यांनी उगाच "होशील रे बरा" म्हणत राहणं ह्यावरही प्रकरण आहे. ज्याने कोणी हॉस्पिटलात रात्री काढल्यात त्याला हे वाचून अंगावर काटा येईल. 1860 मधे लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमधे तिच्या नावाने ट्रेनिंग स्कूल सुरू झालं.

आता गंमत बघा, नर्सेसची सरकारी नोंदणी व्हावी म्हणून एथेल बेडफर्ड फेनविक ही इंग्लिश नर्स लढत होती तेव्हा नाइटिंगेल विरोधात उभी होती! तिचं म्हणणं, चांगल्या नर्सचं शील परीक्षेत तपासता येत नाही. फेनविकला नोंदणी हवी होती ती शिकलेली नर्स कोण हे लोकांना कळावं आणि धंद्याला मान मिळावा म्हणून. दोघींचंही पटतं मला, पण फेनविकचं जास्त. न्यूझीलंडने 1901 मधे कायदा केला, ब्रिटनने 1919 मधे.

पुढे सिसली सॉन्डर्स, आधी नर्स, मग सोशल वर्कर, मग डॉक्टर, तिने 1967 मधे लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडून बऱ्या न होणाऱ्या माणसाची काळजी हेच एक शास्त्र केलं. आणि 1992 च्या सुमाराला नर्सिंगमधे "कम्पॅशन फटीग" हा शब्द आला, माया देऊन देऊन माणूस आतून आटतो ह्याला नाव मिळालं. ते आटणं थांबवायला माणसं पुरेशी लागतात. कॅलिफोर्नियाने एका नर्समागे जास्तीत जास्त किती पेशंट हे 1999 च्या कायद्याने ठरवायला घेतलं, आयसीयूत दोन, साध्या वॉर्डात पाच. बाकी जगात काय, 2020 मधे जागतिक आरोग्य संघटनेने 59 लाख नर्सेस कमी असल्याचं सांगितलं, आणि ह्या कामात तेव्हा दहातल्या नऊ बायका होत्या.

बाबांच्या वॉर्डातली ती सिस्टर सकाळी ड्युटी बदलताना दुसरीला हँडओव्हर द्यायची ते मी ऐकायचो. बीपी, युरिन, इंजेक्शनची वेळ, आणि मग त्याच आवाजात, त्याच वेगात, "सहा नंबरचे काका डाव्या कुशीवरच झोपतात, उशी पाठीमागे दे त्यांना". दुसरी ते वहीत लिहून घ्यायची.