ग्रीक सृष्टिकथा व देवराज्याची स्थापना

जग कसे झाले आणि झ्यूस देवांचा राजा कसा झाला, या ग्रीकांच्या दृष्टीने दोन वेगळ्या कथा नव्हत्या. ग्रीसच्या बिओशिया प्रांतातील हीसिअड या कवीच्या ‘थीऑगनी’ या सु. १,००० ओळींच्या काव्यात (इ. स. पू. सु. ७००) त्या सलग येतात.

इथे जग घडवणारा कर्ताच नाही. प्रथम होते केऑस, म्हणजे आ वासलेली पोकळी. मग गीआ (पृथ्वी), टार्टरस (पाताळ) व ईरॉस (काम). गीआला स्वतःपासून यूरेनस (आकाश) झाला आणि त्याच्यापासून १२ टायटन, ३ एकाक्ष सायक्लोप्स व ३ शतहस्त राक्षस. यूरेनस मुलांना तिच्या पोटातच कोंडू लागला. त्या भाराने कण्हणाऱ्या गीआने दातेरी विळा घडवला, आणि सर्वांत धाकटा टायटन क्रोनस याने त्या विळ्याने बापाचे जननेंद्रिय छाटले.

पुढे क्रोनसलाही पोटच्या पोराचे भय पडले. त्याने पाच मुले जन्मतःच गिळली. सहाव्या खेपेस त्याची पत्नी रीआ हिने झ्यूसला क्रीट बेटावर लपवले आणि नवऱ्याच्या हाती बाळुत्यात गुंडाळलेला धोंडा दिला. मोठ्या झालेल्या झ्यूसमुळे क्रोनसला तो धोंडा ओकावा लागला, पाठोपाठ मुलेही. मग झ्यूस व त्याच्या भावंडांचे टायटनांशी दहा वर्षे युद्ध चालले. शतहस्तांना कैदेतून सोडवल्यावर ते जिंकता आले.

काव्याचा गाभा मात्र युद्धानंतर आहे. देवांच्या आग्रहावरून झ्यूस राजा होतो आणि प्रत्येकाला त्याचा मान वाटून देतो. बापाने व आजोबाने मुलांना कोंडले. हा वाटा देतो. सत्ता टिकते ती यामुळे, असे काव्य वाचताना जाणवते. अर्थात भय त्यालाही सुटलेले नाही: आपल्यावर मात करणारा मुलगा जन्मू नये म्हणून तो आपली गरोदर पत्नी मेटिस हिलाच गिळतो. थेमिस या देवीपासून त्याला सुव्यवस्था, न्याय व शांती या मुली होतात.

झ्यूस हे नाव ऋग्वेदातील द्यौस्‌ (आकाशदेव) या नावाचे सगोत्र आहे. सत्तांतराची कथा मात्र पूर्वेकडून आलेली दिसते. आजच्या तुर्कस्तानातील प्राचीन हिटाइट लोकांच्या मृत्तिकापटांवरील कुमार्बी या देवाच्या कथेत आकाशदेवाचे जननेंद्रिय असेच तोडले जाते.

ओकलेला धोंडा झ्यूसने डेल्फी या ग्रीसमधील तीर्थस्थानी ठेवला, असे हीसिअड सांगतो. इ. स. दुसऱ्या शतकात पॉसेनिअस या प्रवाशाने तिथे तो पाहिला. फार मोठा नव्हता. लोक त्यावर रोज तेल ओतत आणि सणाला न कातलेली लोकर वाहत.