दोन घरांची एक भिंत : सोलापुरातल्या ओळीच्या घरांची पार्श्वभूमी

'रो हाऊस' हे नाव बिल्डरांच्या जाहिरातींतून आलं, पण भिंतीला भिंत लावून राहण्याची रीत सोलापूरच्या पेठांत फार जुनी आहे.

पेठेतलं घर रस्त्याकडे अरुंद, आत लांबट. दोन्ही बाजू शेजाऱ्यांना चिकटलेल्या, म्हणून खिडक्या फक्त पुढे नि मागे. मधल्या खोल्यांना उजेड घरातल्या चौकातून किंवा माळवदाच्या सवण्यातून, म्हणजे छपरातल्या झरोक्यातून. माळवद म्हणजे तुळया, त्यांवर किलचा (लाकडाच्या बारीक काटक्या-फळ्या), मग पाला आणि वर मातीचा जाड थर. सोलापूरच्या उन्हाळ्यात याच्याइतकं गार छप्पर नाही. मात्र वरची पांढरी माती दरवर्षी पावसाआधी नव्याने द्यावीच लागते. ते राहिलं की पाणी मुरतं आणि तुळईचं भिंतीत गेलेलं टोक सर्वांत आधी कुजतं, कारण तिथे वारा लागत नाही. खोलीतून पाहिलं तर तुळई ठणठणीत दिसते.

1860 साली रेल्वे आली, 1877 साली 'जुनी मिल' म्हणून ओळखली जाणारी कापड गिरणी सुरू झाली. गिरण्यांच्या चाळी उभ्या राहिल्या. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्व भाग वसवला. तिथे घर हाच कारखाना : पुढे माग, मागे चूल. हातमाग होता तोवर भिंतींना त्रास नव्हता. यंत्रमाग आले तसे हादरे सामाईक भिंतीतून शेजारच्या घरात पोचू लागले. मातीत रचलेल्या भिंतीला ते सोसत नाहीत.

लंडनमध्ये 1666 च्या आगीनंतर घरं विटा-दगडांचीच बांधायची असा कायदा झाला, मधल्या भिंतीच्या जाडीचेही नियम आले. आपल्या पेठांत हा मामला बराचसा तोंडी राहिला आणि आज तोच नडतो. एक घर पाडून आरसीसी बांधायला घेतात, तेव्हा शेजाऱ्याच्या तुळया त्याच भिंतीवर टेकलेल्या असतात. त्या आधी टेकूंवर घ्यायला हव्यात. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, म्हणून पाया मुरमापर्यंत न्यावाच लागतो. पण जुन्या पायाशेजारी सलग चर खोदला की शेजारची भिंत खचते. तीन-चार फुटांचे तुकडे एकाआड एक खोदून, भरून, मगच पुढे सरकावं. नवी भिंत स्वतंत्र, नऊ इंची घ्यावी. जुन्या-नव्या भिंतींमधली फट वरून पत्रा वाकवून झाकावी. नुसतं सिमेंट भरलं तर एका उन्हाळ्यात ते सुटतं आणि पहिल्याच पावसात दोन्ही घरांत ओल उतरते.