राणीची बाग, भायखळा

मुंबईच्या भायखळा भागातील सार्वजनिक वनस्पतिउद्यान व प्राणिसंग्रहालय. मूळ नाव व्हिक्टोरिया गार्डन्स. १९६९ पासून जिजामाता उद्यान, आणि सध्याचे अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान व प्राणिसंग्रहालय. मालकी व व्यवस्था बृहन्मुंबई महानगरपालिकेची. क्षेत्रफळ ४८ ते ५३ एकर असे वेगवेगळे दिले जाते. मोजणीत कोणता भाग धरला यावर हा फरक बहुधा अवलंबून असावा.

स्थापनेचे वर्ष कोठे १८६१, तर कोठे १८६२ असे आढळते. १८६१ मध्ये माझगावच्या माउंट इस्टेटवर जमीन सपाट करण्याचे व आखणीचे काम सुरू झाले, आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते बाग लोकांसाठी खुली झाली, असा मेळ घातल्यास दोन्ही वर्षांचा उलगडा होतो. शेजारच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियमच्या, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या, पायाभरणीचीही हीच तारीख मिळते. तेव्हा दोन्ही कार्यक्रम एकाच समारंभाचे भाग असावेत.

बागेची परंपरा मात्र याहून जुनी आहे. १८३० च्या सुमारास स्थापन झालेल्या ‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ या संस्थेची बाग शिवडीला होती. ती जागा पुढे युरोपीय दफनभूमीसाठी गेली. भायखळ्याची बाग ही त्या शिवडीच्या बागेचीच वारस होय, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण नव्या बागेची व्यवस्था सुरुवातीला याच संस्थेकडे होती. १८७३ मध्ये ती नगरपालिकेकडे आली.

बाग आणि संग्रहालय उभे राहिले ते सरकारी जमीन आणि लोकवर्गणी यांच्या जोरावर. संग्रहालयासाठी निधी जमवण्यात जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी आणि डॉ. जॉर्ज बर्डवुड पुढे होते. डेव्हिड ससून यांची देणगी मोठी होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेल्या तेजीचा हा काळ. १८६५ मध्ये शेअर बाजार कोसळला, वर्गणीचा ओघ आटला, इमारत रखडली आणि शेवटी सरकारने ती पुरी केली. २ मे १८७२ रोजी संग्रहालय उघडले. बागेतील घड्याळाचा मनोरा ससून घराण्याने दिलेला आहे. घारापुरीला ज्याच्यावरून ‘एलिफंटा’ हे नाव मिळाले तो दगडी हत्ती, आणि १९६५ मध्ये फोर्ट भागातून हलवलेला काळ्या घोड्याचा पुतळा, हेही आज याच आवारात आहेत.

प्राणिसंग्रहालय नंतरचे. साधारणपणे १८९० च्या सुमारास सुमारे १५ एकरांची भर घालून ते आकाराला आले, असे दिसते. म्हणून वनस्पतिउद्यान हीच या जागेची मूळ ओळख ठरते, जरी शाळेच्या सहली वाघ-हत्ती पाहायलाच येत असल्या तरी.

वनस्पतींचा संग्रह शहरात अजोड आहे. सुमारे २८६ जातींची तीन हजारांहून अधिक झाडे येथे असल्याचा आकडा सामान्यतः दिला जातो. मूळची ब्रह्मदेशातील उर्वशी, आफ्रिकेतील गोरखचिंच, मादागास्करची कोलव्हिलिया आणि दक्षिण अमेरिकेतील कैलासपती ही त्यांतील नामांकित. कैलासपतीची फुले थेट खोडावर येतात आणि फळ तोफगोळ्यासारखे असते. उर्वशी मुंबईच्या हवेत सहज रुजत नाही, त्यामुळे जाणकार तिच्या बहराची वाट पाहतात.

या संग्रहाला लोकांचा पाठिंबा किती आहे, हे २००७ च्या सुमारास दिसले. चारशे कोटींहून अधिक खर्चाचा आंतरराष्ट्रीय दर्जाच्या प्राणिसंग्रहालयाचा आराखडा पालिकेने पुढे आणला. त्यात जुनी झाडे आणि बागेची मूळ आखणी धोक्यात येईल, असा आक्षेप घेऊन नागरिकांनी ‘सेव्ह राणी बाग’ ही मोहीम उभारली. वारसा समितीपर्यंत प्रश्न गेला, आराखडा आटोपशीर झाला. पिंजरे काढून प्रशस्त आवारे करण्याचे काम पुढे टप्प्याटप्प्याने झाले. त्यात तथ्य होतेच, कारण जुने पिंजरे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या निकषांना उतरणारे नव्हते.

जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले. त्यांपैकी एक ऑक्टोबरात दगावला. मार्च २०१७ मध्ये दालन खुले झाले आणि गर्दी उसळली. खर्चावरून वादही झाले. ऑगस्ट २०१७ पासून प्रौढांचे प्रवेशशुल्क ५ रुपयांवरून ५० रुपये आणि मुलांचे २ रुपयांवरून २५ रुपये झाले. आई-वडील व दोन मुले अशा कुटुंबाला १०० रुपये. दरवाढीवर टीका झाली, पण प्रेक्षकसंख्या त्यामुळे खालावल्याचे दिसत नाही. २०२० मध्ये औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून शक्ती व करिश्मा ही वाघांची जोडी आली.

दरवर्षी येथे पालिकेचे पुष्पप्रदर्शन भरते. बाग बुधवारी बंद असते.