नाशिक–दिल्ली विमानसेवेची पार्श्वभूमी

नाशिकचे विमानतळ असलेल्या ओझरहून दिल्ली सरळ रेषेत साधारण 990 किलोमीटर. रेल्वेने हाच प्रवास साडेतेराशे किलोमीटरच्या घरात जातो, कारण गाडी आधी मनमाड, भुसावळ, इटारसी असा पूर्वेचा फेरा घेते आणि मग भोपाळमार्गे उत्तरेला लागते. विमानाचे महत्त्व मुंबईपेक्षा दिल्लीसाठी जास्त, ते यामुळेच.

ओझरला 1964 मध्ये मिग विमानांचा कारखाना आला. तिथे 3,000 मीटरची धावपट्टी आहे. जानोरीच्या बाजूला प्रवासी टर्मिनल झाले ते थेट 2014 मध्ये, आणि त्यानंतरही नियमित सेवा नव्हती. दिल्लीला निघालेला नाशिककर कसारा घाट उतरून मुंबई विमानतळ गाठायचा. दोन तासांच्या उड्डाणासाठी आधी चार तास रस्त्यावर.

छोटी शहरे विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेतून डिसेंबर 2017 मध्ये सेवा आली, ती मुंबई आणि पुण्याची, 19 आसनी विमानाने. आधी मुंबई हवी होती की दिल्ली, वाद इथेच आहे. मुंबई ओझरहून हवाई मार्गाने सुमारे 160 किलोमीटर, म्हणजे हवेत पाऊण तासही नाही. पण शहरातून ओझर 20 किलोमीटर, उड्डाणाच्या तासभर आधी हजेरी, आणि उतरल्यावर अंधेरीहून दक्षिण मुंबईपर्यंतची गर्दी. पंचवटी एक्सप्रेस 1975 पासून हाच प्रवास साडेतीन-चार तासांत थेट सीएसएमटीपर्यंत घडवते. मुंबईहून पुढचे विमान पकडता येईल, हा समर्थकांचा मुद्दा खोटा नव्हता. मात्र गजबजलेल्या मुंबई विमानतळावर एवढ्या छोट्या विमानाला सोयीची वेळ मिळणे अवघड होते, आणि वेळ जुळली नाही तर जोडउड्डाणाचा उपयोगच उरत नाही. ती सेवा फार टिकली नाही. पहिला मान दिल्लीला मिळायला हवा होता. उद्योजक, द्राक्ष निर्यातदार, मंत्रालयांत कामे असलेले लोक या सगळ्यांचा दिवस त्या एका मार्गाने वाचला असता.

दिल्लीचे विमान जून 2018 मध्ये आले, आठवड्यातून तीन दिवस, मोठ्या जेटने. एप्रिल 2019 मध्ये ते चालवणारी कंपनीच बंद पडली. त्याच वर्षी जानेवारीत नाशिकरोडमार्गे दिल्लीची राजधानी एक्सप्रेस सुरू झाली होती, त्यामुळे रात्रीच्या गाडीचा पर्याय तरी हाताशी राहिला. पुढे कोरोनाचा खंड पडला, कंपन्या बदलत गेल्या.

वेळापत्रकात या उड्डाणाला दोन तासांच्या आसपास वेळ दिसते. जेटच्या वेगाने 990 किलोमीटर सव्वा तासात कापले जातात, पण ही वेळ विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दिल्लीत जागेवर थांबेपर्यंत मोजतात. त्यात धावपट्टीपर्यंतची चाल, उंची गाठणे, दिल्लीच्या आकाशातली रांग आणि उतरल्यावर टर्मिनलपर्यंतचा लांब रस्ता हे सगळे येते. हिवाळी धुक्यात ही रांग आणखी लांबते.