निःशब्द पाणबुडीची धडधड

‘पाणबुडीने आवाजच केला नाही, तर ती सापडणार कशी?’ नाशिकच्या एका शाळेत आठवीतल्या मुलीने विचारलं. पाणबुडी फक्त आवाजानेच सापडते, असं आपण धरूनच चालतो. मी पिशवीतून भांडीबाजारातला तांब्याचा पेला काढला. त्यात मीठपाणी भरलं, पेल्याला टेकणार नाही असा लोखंडी खिळा सोडला आणि दोघांना मल्टिमीटर जोडला. व्होल्टेज दिसलं!

(तांब्याचं पाणी ‘ऊर्जाभारित’ होतं म्हणून महागडे पेले विकतात, ती शुद्ध फसवणूक आहे. दुसरा धातू नसेल तर इथे वीज वाहतच नाही.)

पाणबुडीचं पोलादी अंग म्हणजे हा खिळा, तिला पुढे ढकलणारा ब्राँझचा पंखा म्हणजे पेला. पोलाद गंजू नये म्हणून जस्ताचे ठोकळे लावतात. ते झिजतात, पण प्रवाह वाहतोच. पाण्यातून पंख्याकडे, तिथून शाफ्टमध्ये (पंखा फिरवणाऱ्या दांड्यात), बेअरिंगमधून परत पोलादात. खरी गंमत बेअरिंगमध्ये आहे. तिथे धातू धातूला नीट टेकत नाही, मध्ये वंगणाचा पातळ थर असतो. शाफ्ट फिरतो तसा हा स्पर्श कमी-जास्त होतो, रोध बदलतो आणि प्रवाहही. मिनिटाला १२० फेरे म्हणजे पाण्यात २ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला दोनदा, विद्युत धडधड, पंखा कितीही निःशब्द असो.

खारं पाणी वीजवाहक असल्याने विद्युतचुंबकीय लहरी गिळतं. वाय-फाय काही सेंटिमीटरमध्येच संपतो. २ हर्ट्झची लहर मात्र सुमारे १८० मीटर गेल्यावरही ३७ टक्के उरते. समुद्रतळावरचा सुरुंग तिची वाट पाहू शकतो.

मोजणं सोपं नाही. १८३२ मध्ये फॅरेडेने थेम्सच्या वाहत्या पाण्यातली वीज वॉटर्लू पुलावरून मोजू पाहिली. पाण्यातल्या धातूच्या पत्र्यांनीच गोंधळ घातला आणि प्रयोग फसला. आज चांदी-सिल्व्हर क्लोराइडचे स्थिर इलेक्ट्रोड वापरतात. जहाजाची छोटी प्रतिकृती टाकीत ठेवून मोजतानाही पाणीच महत्त्वाचं. जहाज शंभरपट लहान केलं, तर टाकीतल्या पाण्याची वाहकताही शंभरपट कमी करावी लागते, नाहीतर व्होल्टेजचं गणित जुळत नाही.

धडधड दाबायला फिरत्या शाफ्टवर वीज वाहून नेणारा ब्रश टेकवतात. प्रवाहाला बेअरिंग टाळून सरळ वाट मिळते. त्या ब्रशखाली तेल किंवा मळ साचला, की धडधड पुन्हा सुरू.