सुटलेला कैदी, मेडिकेड आणि ‘संस्थावासी’ या शब्दाचा घोळ

अमेरिकेत काही राज्यांना कैद्याच्या सुटकेच्या ९० दिवस आधीपासून मेडिकेडमधून, म्हणजे केंद्र आणि राज्ये मिळून चालवत असलेल्या गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्यातून, ठरावीक उपचारांचे पैसे देण्याची मुभा मिळाली आहे. हा बदल नवा वाटतो आणि काही अंशी तो नवा आहेही. पण तुरुंगाच्या दारात माणसाचा आरोग्यविमा खंडित का होत होता, हे समजून घ्यायचे तर कायद्यातल्या एका जुन्या शब्दयोजनेपाशी जावे लागते. ‘सार्वजनिक संस्थेत राहणारी व्यक्ती’ असा तिचा साधारण अर्थ. मराठीत आपण सरळ ‘कैदी’ म्हणून मोकळे होतो आणि नेमकी तिथेच गोष्ट निसटते. म्हणून इथे ‘संस्थावासी’ असा थोडा अवघडलेला शब्द वापरतो आहे.

हा संस्थावासी मुळात कैदी नव्हता. १९३५च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने गरीब वृद्धांना केंद्राच्या मदतीने भत्ता सुरू केला आणि त्यातून सार्वजनिक संस्थांत राहणाऱ्यांना वगळले. तेव्हा डोळ्यांसमोर होती ती गावोगावची गरीबगृहे. म्हाताऱ्यांना तिथे कोंबण्याऐवजी घरी राहता यावे आणि गरीबगृहे चालवण्याचा खर्च केंद्राच्या गळ्यात पडू नये, असा दुहेरी हेतू होता. गरीबगृहे पुढे ओस पडली, अट मात्र टिकली. १९५०मध्ये तिला वैद्यकीय संस्थेतल्या रुग्णांपुरता अपवाद जोडला गेला. १९६५मध्ये मेडिकेड आले तेव्हा अट आणि अपवाद दोन्ही नव्या कायद्यात उतरले. वृद्धांना कोंडवाड्यातून सोडवण्यासाठी लिहिलेले वाक्य आता तुरुंगातल्या माणसाला लागू झाले.

तुरुंगातल्या उपचारांची जबाबदारी कोणाची, याचा निवाडा १९७६मध्ये झाला. टेक्ससच्या एका कैद्याच्या अंगावर ट्रकमधून माल उतरवताना कापसाची गासडी पडली होती. गंभीर दुखण्याकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणे ही क्रूर शिक्षाच ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. तत्त्व प्रस्थापित झाले, पण डॉक्टरांविरुद्धच्या दाव्यात तो कैदी स्वतः हरला. या निकालानंतर उपचारांचा घटनात्मक हक्क कोठडीतल्या माणसाला मिळाला आणि बाहेरच्या सर्वसामान्य नागरिकाला तो आजही नाही. त्यामुळे सुटकेच्या दिवशी माणूस स्वातंत्र्य कमावतो आणि डॉक्टर गमावतो.

संस्थावासी कोण, हा प्रश्न पुढची चार दशके सोडवला जात होता, तोही कायदा बदलून नव्हे तर केंद्राच्या आरोग्य खात्याच्या पत्रांमधून. कच्चा कैदी, ज्याचा गुन्हा सिद्ध झालेला नाही, तोही संस्थावासीच धरला जातो. जामिनाचे पैसे भरू शकणारा आरोपी विमा राखतो आणि तसलाच आरोप असलेला गरीब माणूस कौंटीच्या जेलमध्ये, म्हणजे मुख्यतः खटल्याआधी ठेवण्याच्या स्थानिक कोठडीत, अडकून तो घालवतो. १९९७च्या पत्राने आणखी एक बारकावा पक्का केला: कैद्याला बाहेरच्या रुग्णालयात २४ तासांहून जास्त दाखल करावे लागले, तर त्या काळापुरता तो संस्थावासी राहत नाही आणि बिल मेडिकेडला लावता येते. हातात बेड्या, दाराशी पहारेकरी, तरी कागदोपत्री फक्त ‘रुग्ण’. पॅरोल, प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळीक) आणि घरकैदेत असलेले लोक संस्थावासी नाहीत, हे खात्याने २०१६मध्ये सविस्तर लिहून दिले. सुटकेनंतरच्या संक्रमणगृहात राहणाऱ्यांचे काय? त्याला कामाला जाता येते का, बाजारहाट करता येते का, शेजारपाजारचा दवाखाना वापरता येतो का, यावर ते ठरणार. म्हणजे माणसाच्या मधुमेहाच्या गोळ्या त्याच्या बाहेर पडण्याच्या मुभेवर अवलंबून.

याहून मोठे नुकसान एका गैरसमजाने केले, निदान माझे मत तसे आहे. कायद्याने फक्त एवढेच म्हटले होते की संस्थावासी असताना केंद्र पैसे देणार नाही. त्याचे नावच यादीतून उडवा, असे कुठेही नव्हते. तरी अनेक राज्यांनी नाव उडवण्याचा सोपा मार्ग धरला, कारण चुकून पैसे गेले तर केंद्र वसूल करील ही धास्ती होती आणि नाव ठेवून देयके थांबवण्याची सोय जुन्या संगणक प्रणालींत नव्हती. २००४मध्ये केंद्राने पत्र लिहून ‘रद्द करू नका, स्थगित ठेवा’ असे सुचवले. ते सुचवणेच होते, सक्ती नव्हती. स्थगित आणि रद्द यांतला फरक कारकुनी वाटेल. पण रद्द झाल्यावर नव्याने अर्ज करावा लागतो, त्यासाठी ओळखपत्र लागते, पत्ता लागतो आणि निर्णयासाठी राज्याला साधारणपणे ४५ दिवसांची मुदत असते.

हे ४५ दिवस किती महाग आहेत, ते जानेवारी २००७मध्ये कळले. वॉशिंग्टन राज्याच्या तुरुंगांतून सुटलेल्या ३०,२३७ जणांचा माग काढणारा अभ्यास तेव्हा प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका राज्यातल्या इतर रहिवाशांच्या १२.७ पट होता आणि अमली पदार्थांच्या अतिसेवनाने मरण्याचा १२९ पट. कारण शरीरशास्त्रातले आहे. आत असताना शरीराची सवय मोडते; बाहेर येऊन माणूस जुनाच डोस घेतो आणि श्वास थांबतो. या विषयावरच्या जवळपास प्रत्येक चर्चेत हा अभ्यास उद्धृत होतो आणि ते योग्यच आहे. २००९मध्ये टेक्ससचे आकडे आले: एचआयव्हीचे उपचार घेत असलेल्या कैद्यांना सुटताना दहा दिवसांची औषधे हाती मिळत, पण पुढची औषधे दहा दिवसांच्या आत घेतलेले जेमतेम ५ टक्के निघाले आणि ६० दिवसांत घेतलेले ३० टक्के.

तरीही २०१४पर्यंत ‘स्थगित की रद्द’ हा वाद बऱ्याच जणांसाठी बिनकामाचाच होता. अपंगत्व नसलेला, मुलेबाळे नसलेला प्रौढ पुरुष कितीही गरीब असला तरी बहुतेक राज्यांत मेडिकेडला पात्रच नव्हता आणि तुरुंगांत भरणा याच वर्गाचा. २०१०च्या आरोग्यविमा कायद्याने (‘ओबामाकेअर’) मेडिकेडचा विस्तार करून त्याला दार उघडले, २०१२च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते उघडायचे की नाही हे राज्यांवर सोडले आणि १ जानेवारी २०१४पासून ज्यांनी उघडले तिथे चित्र पालटले. टेक्सस, फ्लोरिडा, जॉर्जिया यांनी हा विस्तार पूर्णपणे स्वीकारलेला नाही. त्या राज्यांत नंतरच्या सुधारणांचा लाभ साहजिकच थोड्यांना मिळतो.

याच सुमारास ऱ्होड आयलंडने २०१६मध्ये वेगळी वाट धरली. व्यसनावरची औषधे तुरुंगातच सुरू ठेवायची आणि सुटल्यावर बाहेरच्या दवाखान्याशी जोडून द्यायचे. २०१६च्या पहिल्या सहामाहीत तिथे अतिसेवनाने मेलेल्यांपैकी २६ जण नुकते तुरुंगातून सुटलेले होते. पुढच्या वर्षी त्याच काळात असे ९ होते. राज्य लहान, तुरुंग आणि जेल यांचा कारभार एकाच छताखाली, त्यामुळे हे जमले, हा आक्षेप खोटा नाही.

त्यानंतर घटना भराभर घडल्या. ओपिऑइडच्या (अफूसारख्या मादक औषधांच्या) साथीवरच्या २०१८च्या कायद्याने केंद्राला, सुटकेआधीच्या उपचारांना मेडिकेडचे पैसे कसे वापरता येतील याचे मार्गदर्शन वर्षभरात राज्यांना द्यायला सांगितले. ते आले एप्रिल २०२३मध्ये. त्याआधी जानेवारीतच कॅलिफोर्नियाला सुरुवातीला सांगितलेल्या ९० दिवसांच्या मुभेची पहिली परवानगी मिळाली होती. मार्गदर्शनातला किमान सेवांचा संच असा: सुटकेआधी रुग्णाची जबाबदारी घेणारा समन्वयक, व्यसनावरची औषधे आणि दाराबाहेर पडताना हातात ३० दिवसांचा साठा. २१ वर्षांखालच्या पात्र मुलांसाठी सुटकेच्या आसपास तपासण्या आणि समन्वय देणे १ जानेवारी २०२५पासून सर्व राज्यांना बंधनकारक झाले. प्रौढांचे नाव कैदेच्या कारणावरून रद्द करण्यास १ जानेवारी २०२६पासून मनाई आली. २००४मध्ये विनंती म्हणून सुचवलेली गोष्ट सक्तीची व्हायला २२ वर्षे लागली. १९६५चे मूळ वाक्य आजही जागेवर आहे. सगळ्या सवलती त्याला वळसा घालून जातात.

जुलै २०२५च्या कायद्याने २०१०च्या विस्तारातून मेडिकेडमध्ये आलेल्या प्रौढांना महिन्याला ८० तास काम किंवा तत्सम उपक्रमाची अट घातली. ती राज्यांनी २०२७च्या सुरुवातीपर्यंत लागू करायची आहे. तुरुंगातून सुटलेल्यांना त्यातून सुटकेनंतर तीन महिन्यांची सूट आहे. विस्तारातल्या याच प्रौढांची पात्रता आता वर्षाऐवजी दर सहा महिन्यांनी पडताळली जाणार. त्याची पत्रे नोंदीतल्या पत्त्यावर जातात, आणि नुकत्या सुटलेल्या माणसाचा नोंदीतला पत्ता तुरुंगाचाही असू शकतो.