एका खराब दाण्याचं गणित

शेंगा फोडताना एखादा दाणा सुरकुतलेला, हिरवट बुरशी धरलेला निघतो. आई तो न बोलता बाजूला टाकते. मराठवाड्यात हे घरोघरी चालतं. पण कूट किंवा चिक्की करणाऱ्या कारखान्यात पोतीच्या पोती येतात आणि तपासायला जातो मूठभर नमुना. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष सगळ्या दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं. बहुतेक दाणे स्वच्छ असतात, आणि एखाद्यातच इतकं विष साठतं की दहा किलोचा ढीग बाद व्हावा. तो दाणा मुठीत आला नाही, तर अहवाल चांगलाच येणार. 1960 मध्ये इंग्लंडात अशाच शेंगदाण्याच्या पेंडीमुळे लाखभर टर्की पक्षी मेले, तेव्हा हे विष उघडकीला आलं.

अशा टोकाच्या, म्हणजे सर्वांत मोठ्या किंवा सर्वांत लहान आकड्यांचं शास्त्र निघालं ते मात्र कापसातून, आणि कापूस पिकवणाऱ्या आपल्या भागाला याचं अप्रूप वाटायला हवं. इंग्लंडमधल्या कापूस संशोधन संस्थेत संख्याशास्त्रज्ञ टिपेट सुताची ताकद मोजत होते. सूत तुटतं ते सर्वांत कमजोर जागी. बाकीचं कितीही मजबूत असो. 1928 मध्ये टिपेट आणि संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी दाखवलं की मोठ्या नमुन्यांतले कमाल-किमान आकडे मोजक्या तीनच साच्यांत बसतात. पुढे जर्मन गणिती गुंबेल यांनी हे गणित नद्यांच्या पुरांना लावलं; 1958 मध्ये त्यांचा ग्रंथ आला.

अन्नप्रक्रियेत त्याची गरज उघड आहे. डेअरीत जंतू मारायला दूध 72 अंश सेल्सियसला 15 सेकंद तापवायचं असतं. नळीतून संथ, थराथरानं वाहणाऱ्या द्रवाचा मधला थेंब सरासरीच्या दुप्पट वेगानं पळतो, म्हणजे त्याला निम्माच वेळ उष्णता मिळते. जंतू वाचला तर त्या थेंबात वाचेल. म्हणून सरासरी वेळ बघून चालत नाही.

डेअरीच्या वहीत नुसतं दिवसाचं सरासरी तापमान असेल, तर ते पुरत नाही. माझ्या मते त्याशेजारी त्या दिवसाचं सर्वांत कमी तापमानही लिहावं. वर्षभराचे असे आकडे हाती असले, की तापमान 72 च्या खाली जाण्याची शक्यता किती, याचा अंदाज बांधता येतो. आकडे थोडे असतील तर तो अंदाज ढोबळच राहतो, आणि तसं स्पष्ट लिहायला हवं.